गुळाचा चहा

मोबाइलवर 'कोल्हापुरी गूळ' शोधलं की एका दुसऱ्याच गूळवाल्याचं दुकान सगळ्यात वर येतं आणि माझं तिसऱ्या पानावर. माझ्या वेबसाइटवर सोनेरी अक्षरांत 'अस्सल, दर्जेदार, सर्वोत्तम' असं लिहिलंय. मंगळवार पेठेतलं त्याचं दुकान माझ्या दुकानाच्या निम्मंसुद्धा नाही. पोटात दुखायला लागलं, म्हणून कागलचं गिऱ्हाईक बनून मीच एकदा तिथं गेलो.

तो ढेपेवर बोट वाजवून बघत होता. काहीतरी विचारायचं म्हणून मी घरातलीच अडचण सांगितली, "गुळाचा चहा फुटतोय ओ, काय करू?"

त्यानं आधी कानामागची पेन्सिल काढली आणि माझं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाला, "गॅस बंद करा आन् मग गूळ घाला, पावणं."

"लिहिलं कशाला?"

"वेबसाइटवर घालायला की! आमचा गूळ लई भारी, असं कोन शोधतंय? मानूस आपली अडचण शोधतोय. ती त्याच्याच शब्दांत लिवायची आन् खरं उत्तर द्यायचं. एवढंच हाय."

'एवढंच' म्हणताना तो हसला, त्याचा मला फार राग आला. बारा वर्षं मी हा प्रश्न घरी ऐकत होतो आणि दूधवाल्याला शिव्या देत होतो.

पंधरा दिवसांनी बायकोनं गुळाचा चहा पुढं ठेवला. फुटलेला नव्हता.

"कसं काय जमलं?"

"मोबाइलवर बघितलं. कुणीतरी अगदी तुम्ही बोलता तसंच विचारलंय बघा."

चहा झकास झाला होता. मी अर्धाच प्यालो.