ताणावरची बाग

मी चौथीपर्यंत शिकलो, तेवढं मला पुरलं. कळस गावच्या माळावर मुरूम फोडून डाळिंब लावलं ते माझ्या हातांनी, कुणाला विचारायला गेलो नाही. म्हणून नातू बारामतीचं कॉलेज संपवून आला आणि म्हणाला, "आबा, यंदाची बाग माझ्याकडं द्या," तेव्हा बरंच वाटलं.

पोरगं कष्टाळू. पण डोक्यात एकच किडा, माणसानं रोज सुधारलं पाहिजे. पहाटे गार पाण्यानं अंघोळ, चहा बंद, गोड बंद, मित्र बंद. जरा झोप जास्त लागली की दिवसभर स्वतःवर डाफरायचा, जणू दुसऱ्याच्या पोरावर डाफरतोय.

"सुधारून जायाचं कुठं रं?" मी विचारलं.

"कुठं न्हाय आबा. माझ्यात एकबी खोट राहू नये."

"मग देवळात जाऊन बस की."

"टाकीचं घाव सोसल्याबिगर देवपण येत न्हाय, तुमीच म्हणता."

त्याची आई, माझी सून, हसली. तो हसला नाही.

डाळिंबाचा बहार धरायच्या आधी झाडाला ताण देतात. पाणी तोडायचं, झाड तहानलेलं ठेवायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची. मग पाणी सोडलं की कळी फुटते. ही रीत त्याला इतकी आवडली की त्यानं ती स्वतःलाच लावली. रात्रीचं जेवण सोडलं. आई ताट घेऊन मागं लागली की म्हणायचा, "मीबी ताणावर हाय, आई." पहिल्यांदा आम्ही सगळेच हसलो. पुढं त्याचं मनगटावरचं घड्याळ कोपराकडं सरकायला लागलं.

आमची जमीन हलकी, मुरमात ओल टिकत नाही. हितं ताण थोडकाच द्यायचा. त्यानं फोनवर काळ्या रानातल्या कुणा बागायतदाराचं बघून तो लांबवत नेला. झाडन् झाड एकाच वेळी कळीनं भरलेलं पाहिजे होतं त्याला. शेंडे वाळायला लागले. मी नखानं साल खरवडली, तर खाली हिरवं नव्हतं.

"पाणी सोड."

"अजून थोडं, आबा. आत्ता सोडलं तर अर्धवट हुईल."

"झाड मरंल, मग पुरं हुईल."

मी व्हॉल्व्हला हात घातला. त्यानं माझा हात धरला. ह्या घरात माझा हात कुणी धरला नव्हता, माझ्या बापानंसुद्धा. मी तसाच माघारी फिरलो.

पाणी सुटलं तेव्हा उशीर झाला होता. वरच्या अंगाची झाडं उठलीच नाहीत. खालच्या कडेला तुरळक कळी आली, तीही गळली. मला बागेचं एवढं नव्हतं. मी वाट बघत होतो की आता पोरगं रडंल, चिडंल, मला चार शब्द बोलंल, आणि मग जेवायला बसंल.

एका संध्याकाळी तो ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. आवाज अगदी शांत.

"सापडलं, आबा. बागेची चूक न्हाय, ताणाचीबी न्हाय. मीच ढिला पडलो. मधी आईनं भाकरी दिली ती खाल्ली. सोमवारपासनं आणखी कडक धरतो."

उभ्या आयुष्यात मला कुणी बोलण्यात हरवलं नव्हतं.

आतनं सुनेनं विचारलं, "आबा, त्याचं ताट वाढू का?"

तो समोर माळाकडं बघत होता. आज वाढलेलं ताट उद्या त्याची आणखी एक चूक ठरलं असतं. मी म्हणालो, "नगं."