खोल्या किती आणि माणसं किती

बत्तीस वर्षांच्या नोकरीत बरेच गुन्हे पाहिले. त्यातले पुष्कळसे फाईलबरोबर रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि डोक्यातूनही गेले. एक मात्र काही केल्या जात नाही. वर्तमानपत्रात समुद्रातल्या पांढऱ्या बोटीची पानभर जाहिरात आली, की मी चष्मा पुसून आधी तळातली बारीक अक्षरं वाचतो आणि मला ती झेंडूवाली बाई आठवते.

मी तेव्हा नाशिक शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. दिवाळीचा बंदोबस्त नुकताच संपला होता आणि निम्मा स्टाफ रजेवर होता. शुक्रवारी सकाळची हजेरी घेऊन मी अर्ज चाळत बसलो होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदार हसू दाबत आत आले.

"साहेब, बाहेर एक बाई आलीये. म्हणते, एका माणसानं देवाचा हार बंद केलाय, त्याला धरा."

"कुठल्या कलमाखाली?" मी विचारलं आणि आम्ही दोघंही हसलो. आज ते हसणं आठवलं की लाज वाटते.

बाई आत आली. पन्नाशीची, हातात हेल्मेट, नखांत फुलांचा पिवळा रंग बसलेला. मखमलाबादच्या पुढे तिच्या घरची फुलशेती. ती आणि तिची थोरली जाऊ मिळून पहाटे फुलं तोडायच्या, हार ओवायच्या आणि ही स्कूटीवरून दुकानांत, कार्यालयांत रोजचा रतीब घालायची. त्यातलंच एक कार्यालय सहली नेणाऱ्या एका एजंटाचं. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या बोटीच्या सहलीसाठी त्यानं शहरातून बेचाळीस लोकांचे पैसे घेतले होते. त्यात या दोघी जावाही होत्या.

"काल त्यानं सांगितलं, मावशी, सोमवारपासून हार नको," ती म्हणाली.

"खर्च कमी करत असेल."

"धंदा बसला तरी माणूस देवाचा हार बंद करत नाय, साहेब. पैसे उधार ठेवतो, पण हार घेतो. एकवीस वर्सं रतीब घालते मी. ज्यानं ज्यानं हार बंद केला, त्यानं आठ दिवसांत शटर वढलंय. हा पळणार हाय."

खबऱ्यांकडून मी शेकडो टिप घेतल्या, पण अशी टिप कधी मिळाली नव्हती. हसू आपोआप मावळलं. मी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली.

बोलता बोलता तिचं खरं दुखणं कळलं. लग्न होऊन घरात आल्यापासून अठ्ठावीस वर्षांत या दोघी एकदाही बरोबर कुठे गेल्या नव्हत्या. फूल थांबत नाही. एक लग्नाला गेली, की दुसरीनं मळ्यात राहायचं. सकाळचा चहासुद्धा थोरली तोडणी उरकून येईपर्यंत गार व्हायचा आणि तोवर धाकटी हार घेऊन निघालेली असायची. तुळशीचं लग्न आटोपलं, की मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारपर्यंत फुलाला उठाव नसतो, तेवढेच काय ते आठ-दहा दिवस मोकळे. सहल नेमकी त्यात बसत होती. आणि थोरलीच्या मुलानं निफाडकडे द्राक्षबाग घेतली होती. वाटणी झाली होती. पौषानंतर थोरली कायमची तिकडे जाणार होती.

"पुढल्या वर्सी आम्ही दोघी एका घरात नसू," ती म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. सरकारी अर्जातला मजकूर वाचावा तसं ती बोलली आणि म्हणूनच मला ते लागलं.

मी साध्या वेशातले दोन अंमलदार त्या कार्यालयावर नेमले आणि दुपारी एजंटाला चौकशीसाठी बोलावलं. माणूस पस्तिशीचा, गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. सोबत फाईल घेऊनच आला. पावत्या, प्रवाशांची यादी, बोटीच्या कंपनीचं पत्र, सगळं क्रमानं लावलेलं. मी कंपनीच्या मुंबईच्या कार्यालयाला फोन लावला. तिथल्या बुकिंग अधिकारी बाईंनी सांगितलं, की हो, या नावानं गटाचं बुकिंग आहे, अनामत भरली आहे, उरलेली रक्कम भरायची शेवटची तारीख सोमवार.

माझी पंचाईत झाली. सोमवारपर्यंत कागदोपत्री गुन्हाच घडत नव्हता. सोमवारची वाट पाहावी, तर पाखरू उडणार. नुसत्या संशयावर त्याला अडकवावं आणि आपण चुकलो, तर बुकिंग रद्द होऊन बेचाळीस लोकांची सहल माझ्याच हातानं बुडणार. दोन तास मी त्याला उलटसुलट विचारलं. तारखा, नावं, बँकेचे व्यवहार, सगळी उत्तरं तोंडपाठ. मधूनच मला तो "सर, तुम्हीही मॅडमना घेऊन एकदा जाऊन या" असंही म्हणाला. मी पुढचा प्रश्न विचारला.

बाहेर आलो तर बाई बाकावर तशीच बसलेली. मांडीवर त्या सहलीचं रंगीत माहितीपत्रक आणि वहीचं एक पान. पानावर तिनं पैसे भरण्याआधी एजंटाला विचारलेले प्रश्न होते. जेवण भाड्यात, पण कोणतं? साधं पाणी फुकट की विकत? बंदराचा कर माणशी की खोलीमागे? बोटीवरच्या नोकरांची बक्षिसी शेवटी वेगळी कापतात का? गोव्यात उतरून फिरायचं, तर गाडी त्यांची की आपली? मोबाइलचं इंटरनेट किती महाग? आमच्या खात्यात इतकी नेटकी प्रश्नावली मी क्वचितच पाहिली असेल.

"काय म्हणतो तो?" तिनं विचारलं.

"सगळं बरोबर दाखवतोय. बेचाळीस माणसांची यादी आहे, अनामत भरलेली आहे."

"खोल्या किती?"

"म्हणजे?"

"साहेब, एक हाराचा व्यापारी पन्नास हारांची ऑर्डर घेतली म्हणून सांगायचा. मी फुलं मोजत नाय, तोडलेला दोरा बघते. दोरा वीस हारांचा असला तर हार वीसच होत्यात. त्यानं आम्हाला दोघांना एक खोली म्हणून पैसे घेतलेत. मग खोल्या एकवीस पाहिजेत. किती घेतल्यात?"

एवढी वर्षं गुन्हे तपासले, प्रशिक्षणं घेतली, दिली, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी पुन्हा मुंबईला फोन लावला. तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि म्हणाल्या, "अकरा. प्रत्येक खोली दोघांची."

मी आत गेलो. त्याच्यासमोर बसलो आणि एवढंच विचारलं, "खोल्या किती?"

खोटं बोलणारा माणूस नावं पाठ करून येतो, तारखा पाठ करून येतो. साधा भागाकार पाठ करायचं त्याला सुचत नाही. त्यानं फाईल उघडली, पुन्हा मिटली. पाणी मागितलं. तेव्हाच मी समजलो, की आता गाठ सुटली. पुढच्या तासाभरात सगळं बाहेर आलं. आधीच्या एका सहलीत त्याला खोट आली होती, ती या लोकांच्या पैशातून भरली होती. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. कोणी कंपनीला फोन केलाच तर बुकिंग दिसावं, एवढ्यापुरती त्यानं अकरा खोल्यांची अनामत भरली होती. घरझडतीत भरलेल्या दोन बॅगा आणि रविवारचं इंदूरच्या बसचं तिकीट मिळालं. पंचनामा झाला, बाईची फिर्याद घेतली, फसवणूक आणि विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला, खातं गोठवलं. खात्यात निम्मेही पैसे नव्हते आणि होते तेही न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणाला मिळणार नव्हते.

पोलिसांच्या दृष्टीनं तपास फत्ते झाला होता. शनिवारी सकाळी ठाण्याच्या आवारात तीसेक फसलेली माणसं जमली आणि मला जाणवलं, की त्यांच्या दृष्टीनं काहीच फत्ते झालेलं नाही. सहल गेली ती गेलीच. कोणी मला शिव्या देत होतं, कोणी नशिबाला. झेंडूवाली आपल्या जावेला घेऊन आली होती. थोरली साठीची, अंगानं बारीक, मान खाली.

"तू जा गं," थोरली तिला म्हणत होती. "एकीपुरते पैसे हायेत तुझ्याकडं. मी राहते मळ्यात."

"एकटीनं जायचं आसतं तर कवाच गेले आसते, अक्का," ती तुटकपणे म्हणाली आणि सरळ माझ्या खोलीत आली. "साहेब, त्या मुंबईच्या बाईंना फोन लावून द्या."

लावून दिला. पुढची वीस मिनिटं मी माझ्याच टेबलापाशी श्रोता म्हणून उभा होतो.

"मॅडम, बोट सुटायला बारा दिवस हायेत," ती म्हणाली. "खोल्या रिकाम्या किती हायेत ते तुम्ही सांगू नका, पण हायेत. दसऱ्याच्या सकाळी झेंडूला भाव आसतो. संध्याकाळी त्याच झेंडूचे ढीग रस्त्यावर सोडून शेतकरी घरी जातो. बोट सुटली की तुमची रिकामी खोली तशीच. बरोबर हाय का नाय?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग बोलणी झाली. खिडकी नसलेल्या आतल्या खोल्या सगळ्यात स्वस्त. "खिडकी कशाला? झोपायलाच जायचं. समुद्र वर जाऊन बघायचा, तो फुकट हाय." एका खोलीत चौघांची सोय होते आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं बरंच कमी पडतं, हे माहितीपत्रकाच्या तळाशी इंग्रजीत होतं, ते तिनं थोरलीच्या नातवंडाकडून वाचून घेतलं होतं. बंदराच्या करात घासाघीस चालत नाही, हे तिनं निमूट मान्य केलं. बक्षिसीची रक्कम आत्ताच सांगा, नंतर बोटीवर नको, हे मात्र ठासून सांगितलं. आणि अकरा खोल्यांची अनामत आमच्याच पैशातली आहे, ती आमच्या नावावर धरा, ही शेवटची अट.

त्यासाठी कंपनीला पोलिसांचं पत्र हवं होतं. माझ्या अधिकारात जेवढं बसत होतं तेवढं मी लिहिलं, वरिष्ठांना फोनवर सांगितलं आणि मेल केलं. संध्याकाळी होकार आला. दोघी जावांचं मिळून नवं भाडं आधी एकीसाठी भरलेल्या रकमेपेक्षाही कमी होतं. तुळशीच्या लग्नाच्या फुलांतून ते निघत होतं. थोरलीनं ते दोनदा समजावून घेतलं आणि मग पदर तोंडाला लावून बाकावर बसून राहिली.

सगळेच गेले नाहीत. पुन्हा पैसे भरणं काहींना शक्य नव्हतं, काहींचा विश्वास उडाला होता. बेचाळीसपैकी एकतीस जण निघाले. बाईनं आठ खोल्यांत सगळ्यांना बसवलं. मुंबईत आदल्या दिवशी मुक्काम केला तर लॉजचा खर्च, म्हणून पहाटे नाशिकहून बस. कसारा घाटात अडकलो तर, म्हणून तीन तास हातचे. घोटीला नाश्त्यासाठी पंधरा मिनिटं, सोळावं नाही. सगळ्यांची ओळखपत्रं तिनं बसमध्ये चढतानाच तपासली. मला कंपनीच्या अधिकाऱ्यांचा जबाब घ्यायचा होता, म्हणून मीही त्याच बसनं गेलो.

बंदरात पोहोचलो आणि माझी मान वर गेली ती गेलीच. चित्रात पाहिलेली गोष्ट वेगळी. ही समोर उभी होती. आमच्या ठाण्याची इमारत एकावर एक आठ-दहा वेळा ठेवली तरी बोटीच्या माथ्याला टेकली नसती. आणि एवढं प्रचंड धूड पाण्यावर शांत उभं! नोकरीत माणसं मेलेली पाहिली, दंगल पाहिली, ऊर असा कधी भरून आला नव्हता. तीस माणसं तोंडाचा आ करून उभी होती.

ती एकतिसावी माझ्या शेजारी यादीवर खुणा करत होती. त्या बोटीनं मला थक्क केलं हे खरं. पण एकदा वर बोटीकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, तेव्हा दोन्हींतलं मोठं कोण, हे मला ठरवता येईना. मी तिला नमस्कार केला. वर्दीतल्या अधिकाऱ्यानं फिर्यादीला असा नमस्कार करायची पद्धत नाही. मी केला.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली कामाची. कोणी काय दाखवतंय ते मोजू नये, त्यामागे काय घेतलंय ते मोजावं. पुढे निवृत्तीपर्यंत प्रत्येक फसवणुकीच्या तपासात मी हाच प्रश्न आधी विचारला आणि तरुण उपनिरीक्षकांनाही विचारायला लावला. दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. आरोपपत्र दाखल झालं, की आम्ही समजतो न्याय झाला. लुटलेल्या माणसाला आरोपपत्राचं काय करायचं असतं? त्याला त्याची हरवलेली गोष्ट हवी असते. ती मिळवून देणं कायद्याच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, म्हणून आम्ही ते करायचं विसरतो.

मार्गशीर्षात साक्षीच्या कागदावर सही करायला दोघी ठाण्यात आल्या. मी विचारलं, "मग, कसा होता समुद्र?"

धाकटी हसली. "समुद्र लय मोठा, साहेब. पण खरं सांगू का? तीन दिवस रोज सकाळी आम्ही दोघी एका टेबलावर बसून चहा प्यायलो. दोघी एकाच टायमाला."

थोरली खाली मान घालून सही करत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "गरम होता."