बैल उठला की गाडी मोठी

खामगावात जीप घेण्याआधी लोक एका मिस्त्रीला विचारत. तो इंजिन नंतर बघे. आधी गाडी स्वतः कापूसबाजाराच्या गल्लीतून काढे. तिथे सोडलेल्या बैलगाड्यांपाशी बैल बसलेले असत.

त्याच गल्लीतून मला रोज दवाखान्यात जायचं होतं. मी पसंत केलेल्या ऐसपैस गाडीचे पेढेही वाटून झाले होते. मिस्त्रीने ती एकही ओरखडा न पडता बाहेर काढली.

"नका घेऊ, डाक्टरसाहेब," तो म्हणाला. "दोन बैल उठले."

"पण धक्का तर कोणालाच लागला नाही."

"मले येते चालवता. बैलाइले ते काय मालूम?"

मग त्याने एक लहान जीप त्याच गल्लीतून नेली. एकही बैल हलला नाही.

तीच घेतली. अजून त्या गल्लीत शिरलो की मी आधी बैलांकडे बघतो.