दगडाबाई टेप घेऊन निघाली

दगडाबाईला पूर्णेला यायचंच नव्हतं. गाडी तिथं संपली म्हणून ती उतरली. हे १९८० सालचं. गंगाखेडच्या बाजूच्या एका खेड्यात तिचं सासर. नवऱ्यानं दुसरी बायको करून आणली आणि हिचं अंथरूण गोठ्यात नेऊन टाकलं. सकाळी पाण्याला जाते म्हणून निघाली, घागर विहिरीवर ठेवली आणि तशीच चालत स्टेशन गाठलं.

फलाटावरच्या बाकड्यावर ती दुपारपर्यंत बसून होती. तेवढ्यात पांढरं पातळ नेसलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली.

"जेवलीस का?"

"न्हाई."

"मग ऊठ. चल."

या कुसुमबाई. दवाखान्यात नर्स होत्या. कुठली, कुणाची, का पळून आलीस, हे त्यांनी जेवण होईपर्यंत विचारलं नाही. पुढं दगडाबाईनं कितीतरी बायांना फलाटावरून आणलं, तेव्हा तीही तसंच करायला शिकली.

रेल्वे फाटकाच्या पलीकडं कुसुमबाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. त्याच्यावर 'स्त्री आधार केंद्र' अशी पाटी बरीच उशिरा लागली. सुरुवात झाली होती ती अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावी दलित वस्त्या जळाल्या. बायनाबाई आपली दोन लेकरं घेऊन पूर्णेला आली ती अंगावरच्या लुगड्यानिशी. कुसुमबाईंनी तिला आतली खोली दिली. शेजारपाजाऱ्यांनी बोलणं टाकलं, दूधवाल्यानं रतीब बंद केला. बायनाबाई जायला निघाली तर कुसुमबाई म्हणाल्या, "दूध न्हाई तर न्हाई. काळा चहा पिऊ." बायनाबाई तिथंच राहिली, आणि तिच्या मागं आणखी बाया येत राहिल्या.

केंद्राचा एक नियम होता. आलेल्या बाईचं नाव कागदावर लिहायचं नाही. एकदा एका बाईच्या दिरानं घरात घुसून कपाट उचकटलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. कोण आली, कुणाचा खटला परभणीच्या कोर्टात किती वर्षं चालला, कोण कुठं नांदायला गेली, हे सगळं कुसुमबाईंच्या डोक्यात असायचं.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात कुसुमबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. नांदेडला नेलं. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. घरी आणल्यावर त्या नुसत्या बघत राहायच्या. काही सांगायला तोंड उघडायच्या आणि डोळ्यांत पाणी यायचं.

त्याच दिवसांत एक नवी पोरगी केंद्रात आली होती. भाकरी थापता थापता तिनं सहज विचारलं, "मावशी, हे घर कुणी काढलं? कसं?"

दगडाबाई सांगायला लागली आणि मध्येच थांबली. आपल्या आधीचं तिला ऐकून ठाऊक होतं तेवढंच. शहाऐंशीला केंद्राच्या दारावर माणसं चालून आली, तेव्हा ती दुसऱ्याच एका बाईसोबत परभणीला कोर्टात गेलेली. बायनाबाईला विचारलं तर तिच्याजवळ तिसराच तुकडा.

"बायना, बाई गेल्या तर हे समदं जाईल की गं."

"मंग काय करतीस? तुला लिवता येत न्हाई, मला येत न्हाई."

"बोलता तर येतंय!"

बायनाबाईचा थोरला आता रेल्वेत लागला होता. त्याच्याकडं भीमगीतं ऐकायचा टेप होता. दगडाबाईनं तो मागून घेतला, लाल बटण कधी दाबायचं ते समजून घेतलं, कोऱ्या कॅसेटी पिशवीत टाकल्या आणि केंद्रात राहून गेलेल्या बायांना गाठायला एसटीनं निघाली. येलदरीला कडूबाई भेटली. धरणावर मासे धरणाऱ्या माणसाशी तिनं दुसरं लग्न केलं होतं. ती आधी लाजली, मग कॅसेट संपली तरी बोलतच राहिली. कुणी नाव सांगायचं नाही म्हणालं तर दगडाबाई म्हणायची, "नको सांगू. नुसतं बोल."

सोनपेठला मात्र भागम्मा होती. शहाऐंशीला नवऱ्याकडची माणसं चालून आली ती हिच्यासाठीच. नवऱ्यानं टाकलेली, पोटगीसाठी कोर्टात गेलेली. आता तिचं बाजारात किराणा दुकान होतं, मुलाचं लग्न झालं होतं. दगडाबाईला बघून तिचा चेहरा उतरला.

"कोण आलंय, आत्याबाई?" आतून सुनेनं विचारलं.

"जुनी वळख हाय," भागम्मा म्हणाली आणि दगडाबाईला हाताला धरून रस्त्यावर घेऊन आली. "ती पेटी पिशवीतनं काढू नको. सुनेला कायबी म्हाईत न्हाई. इतक्या वर्सांनी माझं घर नीट चालायलंय."

"न्हाई काढत. चुकले मी."

दगडाबाई पाणीही न पिता परत फिरली. बसमध्ये तिच्या जिवाला घोर लागला. सून चौकशी करील, मुलगा चिडेल, आणि जिला आपण इतकं सांभाळलं तिचंच घर आपल्या पायानं मोडेल. घरी येताच तिनं टेप उचलून माळ्यावर ठेवला. बायनाबाईनं विचारलं तरी काही सांगेना. बाहेर एसटीतून उतरून कुणी दाराकडं आलं की ती आधी फटीतून बघायची.

आणि एका दुपारी भागम्मा दारात उभी. सोबत सून.

दगडाबाई उंबऱ्यापर्यंत गेली. सूनच पुढं झाली आणि पाया पडली. "मावशी, तुमी गेल्यावर आत्याबाई दोन दिस जेवल्या न्हाईत. मी लय खोदून विचारलं तवा बोलल्या."

"मग?"

"मग काय! मी म्हणाले, हे आधी सांगितलं असतं तर मी तुमाला एवढं भ्याले नसते. मला वाटायचं, यांना माझं काहीच पटत न्हाई."

भागम्मा डोळे पुसत हसत होती. "काढ गं तुझी पेटी. माझं नाव घाल. गावाचंबी घाल."

दगडाबाईला इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं झालं. मग तिनं आधी चहा टाकला.

टेप कुसुमबाईंच्या खाटेजवळच लावला. भागम्मा सांगू लागली. "त्या दिवशी वीस-तीस माणसं आली. हातात काठ्या. बाईंनी मला आतल्या खोलीत ढकललं, बाहेरचं दार लावून घेतलं आन्…"

"न्हाई."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आवाज घोगरा, अर्धवट, पण खाटेवरून आला होता.

"न्हाई," कुसुमबाई पुन्हा म्हणाल्या. तोंड वाकडं होत होतं, कपाळावर घाम आला होता. "दार… उघडं."

"उघडं व्हतं? मी आत व्हते, मला वाटलं लावलंय."

कुसुमबाईंनी डावा हात छातीवर ठेवला. "मी… दारात."

उघड्या दारात त्या एकट्या उभ्या राहिल्या होत्या. इतकी वर्षं भागम्मालाही ते ठाऊक नव्हतं. ती खाटेला डोकं टेकून रडली. बायनाबाई रडत रडत हसली, आणि दगडाबाईला लाल बटण बंद करायचं भान राहिलं नाही. त्या कॅसेटवर पुढचा कितीतरी वेळ नुसता बायकांचा गोंधळ आहे.

डॉक्टर म्हणाले होते, वाचा आली तर हळूहळू येईल. तशीच आली. रोज एक कॅसेट लावायची आणि कुसुमबाईंनी चूक काढायची, असं सुरू झालं. त्या 'न्हाई' म्हणाल्या की बाया खूश व्हायच्या. मग पुढचं दोन शब्द, चार शब्द करत त्या स्वतःच सांगायच्या. जिनं नाव नको म्हटलं होतं तिचं नाव मात्र त्या ओठांवर आणायच्या नाहीत.

जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर अखेर झाल्याची बातमी आली त्या दिवशी बायनाबाईनं पेढे आणले. पहिला कुसुमबाईंच्या तोंडात घातला. त्यांनी तो सावकाश चघळला. मग कुसुमबाई म्हणाल्या, "सोळा वर्षं, बायना." बोलणं जड होतं, पण सगळ्यांना कळलं.

उन्हाळा लागायच्या आत त्या काठी धरून फाटकापर्यंत जाऊ लागल्या. एके दिवशी त्यांनीच दगडाबाईला बजावलं, "तू जा आता कुठंतरी. चार दिवस आराम कर. इथं मी आहे, बायना आहे."

दगडाबाईला माहेर उरलं नव्हतं. ती येलदरीला कडूबाईकडं गेली. कडूबाईच्या नवऱ्यानं आणलेले ताजे मासे पोटभर खाल्ले आणि धरणाच्या बाजूच्या लिंबाखाली लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन झोपली. कडूबाईनं सांजवेळेला हाक मारली तेव्हा तिनं कूस बदलली नुसती. चार दिवसांसाठी गेलेली दगडाबाई बायनाबाईचा निरोप येईपर्यंत परत आलीच नाही.