कोरडी विहीर दाखवा

दुष्काळानंतरच्या वर्षी आमच्या केंदुरात सरकारच्या भूजल खात्याचे एक साहेब यायचे. दोरीने विहिरीत उतरायचे, खडकाला आडवी टेप लावायचे आणि टेपला छेदणारी प्रत्येक चीर वहीत लिहायचे. टेपच्या चार बोटं खाली कुणी केवढी तरी मोठी चीर दाखवली, तरी म्हणायचे, "टेपवर नाही." खुद्द देवाने दाखवली असती तरी हेच उत्तर मिळालं असतं.

या चिरांवरून ते जमिनीखालच्या न दिसणाऱ्या चिरांच्या जाळ्याचा अंदाज बांधणार होते, कारण पाणी त्यांतूनच फिरतं. गावाने त्यांना मोठ्या थाटात फक्त पाण्याच्या विहिरी दाखवल्या.

एक दिवस ते माझ्या वडिलांना म्हणाले, "आबा, पास झालेलीच पोरं मोजली तर शाळा कशी कळणार? कोरड्या विहिरी दाखवा."

"तसली येकबी न्हाई आमच्या गावात," आबा म्हणाले. त्यांच्या पाठीमागेच आमची कोरडी विहीर होती, लाजेपोटी बाभळीच्या काट्यांनी झाकलेली.

साहेबांनी काटे बाजूला ओढले आणि उतरले. दोन तासांनी ओरखडलेल्या हातांनी वर आले. "आबा, आजवरची सगळ्यात कामाची विहीर ही."

त्या विहिरीला चांगलं असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. आबांनी संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांभोवती ही गर्दी! जो तो आपलीच विहीर जास्त कोरडी म्हणून भांडत होता. आबा सगळ्यांना ढकलून पुढे झाले.

"साहेब, नीट लिवा. आमच्या हिरीत बेडूकबी ऱ्हात न्हाई!"