उकिरड्याचा राखणदार

आमच्या गावात ज्याला कशाची राखण पाहिजे असे, तो शालीकराम फुंडेकडे जाई. धान कापून त्याचे पुंजणे, म्हणजे ढीग, लागले की खळ्यावर शालीकराम. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटकाच्या मांडवाबाहेर चपलांपाशी शालीकराम. लग्नात बुंदीच्या खोलीच्या दाराशी शालीकराम. एका लग्नात तर त्यानं खुद्द नवरीच्या बापाला अडवलं. बुंदी त्याची, घर त्याचं, पण राखण सांगितली होती नवरीच्या काकानं. शेवटी काकाला शोधून आणलं, काकानं 'जाऊ दे' म्हटलं, तेव्हा बापाला आपल्याच लेकीच्या लग्नातली बुंदी पाहायला मिळाली. शालीकरामला काम सांगणं सोपं होतं, ते काढून घेणं महाकठीण.

माझं किराणा दुकान दवनीवाड्याच्या रस्त्याला, शाळेमागच्या वळणावर. समोरच गावाचा उकिरडा. म्हणजे पुढं जे झालं ते मी गल्ल्यावर बसून पाहिलेलं आहे, ऐकीव नाही. त्यातलं निम्मं मला नाकानंही सोसावं लागलं, तेव्हा सांगताना थोडा चिडलो तर समजून घ्या.

२००४ साली नागपूरकडून एक जीप आली. गावखेड्यातल्या कचऱ्यावर संशोधन करायला कुठल्याशा संस्थेला निधी मिळाला होता. जीपमध्ये होते एक बडे सर, त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या साक्षी मॅडम आणि गोंदियाचा अतुल नावाचा चटपटीत पोरगा. धावपळ सगळी अतुलची. त्यांनी आमच्या उकिरड्यात चार लोखंडी खांब गाडले. खांबांवर लाल-पांढरे पट्टे, ढीग किती चढला किती उतरला ते मोजायला.

अभ्यास असा होता की लोक आपल्या मनानं उकिरड्यात काय टाकतात आणि त्यातून काय उचलून नेतात. शेतात खत कोण नेतं, किती नेतं, पावसाआधी ढीग किती उतरतो. पण लोकांना हे सांगितलं तर लोक पाहुणे आल्यासारखे शहाण्यागत वागतील, म्हणून गावाला काही कळू द्यायचं नाही असं बड्या सरांचं ठरलेलं. आम्हाला हे चार वर्षांनी समजलं. तुम्हाला आताच सांगून ठेवतो, नाहीतर आमच्यासारखे तुम्हीही गोंधळाल. आम्ही विचारलं तेव्हा सर एवढंच म्हणाले की काही नाही, तुम्ही रोजच्यासारखे राहा. आता कुणी असं बजावल्यावर माणूस रोजच्यासारखा राहतो का? संध्याकाळपर्यंत गावात बातमी, की उकिरड्याखाली गॅस लागला आहे.

आठवडाभरात एक खांब गायब झाला आणि गावातल्याच बकारामच्या गोठ्यात सापडला. त्याला म्हैस बांधलेली होती. मग अतुलनं शालीकरामला मजुरीवर ठेवलं आणि सांगितलं, काका, खांबांना कुणाचा हात लागायला नको.

शालीकरामनं विचार केला. खांब ढिगात आहेत. ढीग नेला तर खांब उघडे पडतील, उघडे पडले तर चोरीला जातील. म्हणजे राखायचा तो ढीग. यात चूक कुठं आहे ते मला अजून दाखवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ढिगाभोवती दोरी बांधली, पळसाच्या झाडाखाली खाट टाकली आणि काठी घेऊन बसला. टाकायला मनाई नव्हती, टाका पाहिजे तेवढं. न्यायचं मात्र काही नाही.

पहिली गाठ पडली धुरपताबाईशी. तिच्या घरी चार गाई, त्यांचं शेण वर्षभर त्या उकिरड्यात, आणि उन्हाळ्याच्या शेवटी बैलबंडी लावून कुजलेलं खत ती आपल्या धानाच्या बांधीत नेई. यंदाही बंडी आली, शालीकराम आडवा. माह्या गाईचं शेण मलेच कसं नेऊ देत नाही, म्हणून तिनं आवाज चढवला. त्यानं शांतपणे विचारलं की यातलं तुझं कोणतं ते दाखव. ती बाई खरंच ढिगावर चढली आणि बोट दाखवून दाखवून सांगायला लागली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, असेल, पण आता ते योजनेत गेलं. त्या दिवसापासून धुरपताबाई त्याच्याशी बोलली नाही. दर हंगामात सोसायटीतून खताची पोती आणी आणि प्रत्येक पोत्याला त्याचं नाव घेऊन शिवी देई.

मग चोऱ्या सुरू झाल्या. ज्यांना ना शेत ना वाडी, तेसुद्धा पिशव्या घेऊन घिरट्या घालायला लागले, कारण राखण आहे म्हणजे माल असणारच. शालीकराम माणसांना हाकली, बकऱ्यांना हाकली, ढीग उकरणाऱ्या कोंबड्यांच्या मागं तर काठी घेऊन शाळेपर्यंत धावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं मारबत निघते. घरातलं झाडझूड, फुटकंतुटकं घेऊन माणसं गावाच्या शिवेपर्यंत ओरडत जातात, 'रोगराई, खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत.' त्या वर्षी पोरांनी जाता जाता उकिरड्यातल्या चिंध्या उचलल्या. शालीकराम मिरवणुकीपुढं उभा राहिला. खोकला न्या, ढेकूण न्या, म्हणाला, ढिगातलं काही जाणार नाही. मारबत तिथंच खोळंबली, आणि चिंध्या परत ढिगात गेल्यावर पुढं सरकली.

दुसऱ्या वर्षी अतुलला रायपूरला नोकरी लागली. जाताना कुणाला काही सांगितलं नाही. निधीही कुठंतरी अडकला होता. मजुरी बंद. फक्त दर मार्चमध्ये पैसे संपवायची घाई झाली की जीप येई. एकदा टोप्या वाटून गेली, एकदा सहा हिरव्या कचरापेट्या ठेवून गेली. पेट्या इतक्या चांगल्या होत्या की त्यांत कचरा टाकायचं कुणाच्या मनाला येईना. दोन घरी मोहफुलं भरली, एकीत आमच्या मंदिराची भांडी आहेत.

साक्षी मॅडम दर सहा महिन्यांनी येत, पट्टे मोजत, फोटो काढत आणि जात. त्यांना शालीकराम दिसत नव्हता असं नाही. पण झाडाखाली खाट टाकून पडलेला माणूस आमच्याकडं कोणत्या झाडाखाली नसतो? त्यांनी विचारलं नाही. त्यानंही आपण होऊन सांगितलं नाही, साहेबांना ठाऊकच असणार म्हणून.

मी एकदा वैतागून म्हटलं, अरे, मजुरी नाही, कुणी विचारत नाही, ऊठ आता. माझ्या साखरेलासुद्धा उकिरड्याचा वास येतो.

"अतुलभाऊनं बस म्हटलं," तो म्हणाला. "ऊठ कोनी म्हटलं नाई."

घरी त्याचे हाल होते. त्याची बायको, शामकला, मोठी मानी बाई. विहिरीवर बाया तिला 'उकिरड्याची पाटलीन' म्हणत. ती पहाटे कुणी नसताना पाणी भरायला लागली. त्याची शिदोरी ती माझ्या दुकानापर्यंत आणी आणि पायरीवर ठेवून परत फिरे. ढिगापाशी एकदाही गेली नाही. शालीकराम तिला समजावी की एवढे शिकलेले लोक नागपूरवरून येऊन राहिले, त्यात काहीतरी असल्याशिवाय कायले येतील? जे निघेल ते सर एक दिवस अख्ख्या गावापुढं सांगतील. त्या दिवशी तू पुढं बस. बाकी त्याला काही नको होतं. आपलं बसणं कशासाठी होतं ते कुणी मोठ्या माणसानं शामकलाच्या देखत सांगावं, एवढंच. हे तो मला इतक्यांदा बोलला होता की त्या दिवसाची मलाच काळजी वाटायला लागली होती.

तो दिवस २००८ च्या जानेवारीत आला. संशोधनाचे निष्कर्ष लोकांपर्यंत पोचवल्याशिवाय निधीचा शेवटचा हप्ता सुटणार नव्हता, म्हणून शाळेच्या मैदानात मांडव पडला. शालीकराम पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत. शामकला नाही नाही म्हणत आली, त्याच्या बाजूला पदर घट्ट धरून बसली.

बड्या सरांनी पडद्यावर आमचा उकिरडा दाखवला. बाजूला एक रेघ, खालून वर चढत गेलेली. सर म्हणाले की त्यांनी बऱ्याच गावांचा अभ्यास केला, सगळीकडं ढीग चढतो आणि उतरतो. या गावात मात्र चार वर्षांत एका माणसानं एक टोपलं उचललं नाही. कचऱ्याबद्दल इतकी उदासीनता त्यांनी कुठंच पाहिली नव्हती. म्हणून आता याच गावासाठी जनजागृतीचा नवा प्रकल्प मंजूर झाला आहे.

गावाची तोंडं उतरली. फक्त शालीकरामचा चेहरा फुलला होता. एका माणसानं एक टोपलं उचललं नाही, हे त्याला ऐकायचं होतं तेच होतं. त्यानं शामकलाकडं पाहिलं.

तेवढ्यात मागून धुरपताबाई उभी राहिली. "उदास कोन? आमी?" ती म्हणाली. "काऊन उचलू जी? हा शालीक काठी घेऊन बसला होता ना!"

मांडव हसायला लागला. सरांनी विचारलं, कोण शालीक? तो उठला, सदरा खाली ओढला आणि हात जोडले.

"एकाले बी नेऊ नाई देलो, साहेब. कोंबडीले बी नाई."

सर मॅडमकडं वळून हळूच म्हणाले की अहवाल छापून झाला आहे, आता काहीही बदलता येणार नाही. माईक चालूच होता, त्यामुळं ते गावानंही ऐकलं. आजही कोणत्या तरी पुस्तकात आमचं गाव सगळ्यात उदासीन म्हणून छापलेलं आहे, आणि ते आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

शालीकराम उभाच होता. "मंग त्यात निघालं काय, साहेब?"

सर कागद चाळायला लागले. साक्षी मॅडम खाली उतरून त्याच्यासमोर आल्या. आम्ही तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काका, त्यात खत आहे. दुसरं काही नाही."

हसणं थांबलं. तो मॅडमकडं बघत राहिला, मग खाली बघायला लागला. शामकलाकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही. मला फार वाईट वाटलं. चार वर्षं त्या माणसावर खेकसलो होतो, पण त्या वेळी कुणीतरी खोटं का होईना, सोनं निघालं म्हणावं असं वाटलं.

"खत तं हाये ना?" धुरपताबाई म्हणाली. "मंग नेऊ का आता?"

सरांनी हातानंच न्या म्हटलं. पण शालीकराम मान हलवायला लागला. मले अतुलभाऊनं बसवलं, म्हणाला, यायनं नाई. मॅडमनी मोबाइल काढला आणि रायपूरला अतुलला लावला. काका बोलतात म्हणून फोन शालीकरामच्या हातात दिला आणि माईक फोनला लावला.

"कौन काका?" पलीकडून आवाज आला. "अरे, वो खंभेवाले? अभी तक वहीं बैठे हो क्या?"

"हौ," शालीकराम म्हणाला.

"उठ जाओ काका. घर जाओ."

"बरं." त्यानं दोन्ही हातांनी फोन परत दिला, सरांना खांब मोजून घ्यायला सांगितलं आणि जाऊन दोरी सोडली.

मांडव रिकामा झाला. घमेली, टोपली, बंड्या घेऊन अख्खं गाव ढिगावर. गर्दी झाली तसं शालीकरामनंच लोकांना रांगेत लावलं आणि फावडं हातात घेतलं. पहिली बंडी धुरपताबाईची. भरून होईपर्यंत ती त्याला टोचून बोलत होती, पण बोलत होती. काळंभोर, भुसभुशीत खत निघत होतं.

रांगेच्या शेवटी शामकला उभी होती, डोक्यावर चुंबळ, काखेत टोपलं. त्यांना शेत नाही. दारापुढं वालाचा एक वेल आहे, तेवढाच. तिची पाळी आली तसं शालीकरामचं फावडं थांबलं.

"भरा ना जी," ती म्हणाली.

त्यानं अर्धं टोपलं भरलं. तिनं आणखी टाकायला लावलं, काठोकाठ. मग त्यानं ते उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं. ती घराकडच्या गल्लीनं गेली नाही. विहिरीवर बाया जमल्या होत्या, त्यांच्यामधून, लांबच्या रस्त्यानं गेली.