थांबाताई

समोर कोणी कुजबुजलं, की ती गाणं तिथल्या तिथे थांबवायची. ओळ अर्धी, ढोलकीवाल्याचा हात हवेत, आणि हिचा उजवा पंजा वर. “थांबा.” मग ज्याने तोंड उघडलं असेल त्याच्याकडे बघून, “तुमचं होऊ द्या पहिले. मंग मी गातो.” लग्न असो, वाढदिवस असो, फरक नाही. कोराडीच्या कॉलनीत एकदा तिने प्रमुख पाहुण्यालाच थांबवलं होतं. तो फोनवर जमिनीचा व्यवहार करत होता. आमच्या ऑर्केस्ट्रात तिचं नावच पडलं, थांबाताई. मी तिथे कीबोर्ड वाजवायचो. खाली मान घालून वाजवणारा माणूस मी. आजवर याविषयी बोललो नाही, तेही तसंच, मान खाली घालून.

तिचा नवरा कोळशाच्या वीज केंद्रात कामाला. क्वार्टरच्या अंगणात ती कपडे वाळत घालायची आणि संध्याकाळी काढताना त्यांवरची राख झटकायची. झटकता झटकता गाणी रचायची. “दोरीवरच्या लुगड्याले कोणं लावला काळा गुलाल” हे त्यातलंच. ऑर्केस्ट्राचा मालक तिला स्वतःचं गाणं म्हणू द्यायचा नाही. लोकांना सिनेमाची गाणी हवी असतात, हे त्याचं पालुपद. ती सिनेमाचीच म्हणायची, पण उतरल्यावर मला म्हणायची, “बसणारे लय भेटते गा भाऊ. ऐकणारा भेटत नाही.”

सक्करदऱ्याला माझ्या घराच्या वरच्या खोलीत मी तिची पाच गाणी रेकॉर्ड केली. दाराला गादी लावली, पंखा बंद. भर मे महिना. चौथ्या गाण्यात ती मध्येच थांबली. मला वाटलं, घाम डोळ्यात गेला. ती माझ्याकडे बघत होती. मी मोबाइल बघत होतो.

“भाऊ, तूपण?”

मी हसून मोबाइल उलटा ठेवला. तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला वाटली ती घाई.

गाणी इंटरनेटवर, ऐकण्याच्या त्या सगळ्या सेवांवर, मी चढवली. खातं माझ्या नावाचं, ईमेल माझा, पासवर्ड माझा. तिला स्वतःचं खातं काढून देणं अवघड नव्हतं. दिलं नाही. पहिल्या महिन्यात ऐकणारे किती? अकरा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र माझा फोन दोन्ही हातांत धरून बसली.

“अकरा जण? सुरू केलं अन् पुरं ऐकलं?”

“बहुतेकांनी.”

“कोठचे हायेत?”

कोणतं गाव, कोणता दिवस, सरासरी किती वेळ, एवढं त्यात दिसायचं. नाव दिसायचं नाही. चंद्रपुरात कोणीतरी एक होतं. दर मंगळवारी काळ्या गुलालाचं गाणं लागायचं, आणि शेवटपर्यंत चालायचं. चंद्रपूरला ती जुन्या माणसांसारखी चांदाच म्हणायची. पुढे दर बुधवारी तिचा फोन ठरलेला. “काल आला होता का आपला चांद्यावाला?” मंगळवारच का, यावरही तिने विचार केला होता. “बाजार असन तिथं मंगळवारी. पिशवी ठेवते, पाणी पिते, अन् बसते ऐकत.” मग हसून, “बाई असन तर? मंग पिशवी भरूनच ठेवली असन बिचारीनं.”

मला तिचा राग यायचा. अकरावर माणूस एवढा खूश कसा राहतो? त्यात त्या सेवांचा नियम असा, की ठरावीक आकड्याखाली ऐकलं गेलं तर छदामही नाही. वर अर्धं मिनिट वाजलं की ते ‘ऐकणं’ धरतात. हे सांगितलं तेव्हा ती भडकली होती. “अर्ध्या मिनटात तं मी श्वास घेतो! हे कोण मोजून राहिलं, माणूस हाय का मीटर?” अन् तिकडे ऑर्केस्ट्राचा मालक सगळ्यांसमोर मला विचारायचा, “काय बे, ताईले अकरा जण ऐकते म्हणे? आपल्या पानठेल्यावर याच्याहून जास्त लोक उभे राहते!” पोरं फिदीफिदी हसायची.

त्या हसण्यापायी मी ऐकणारे विकत घेतले.

हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली. जाहिरात होती, फोनवर गोड बोलणारा एक माणूस होता. “सर, सगळं ओरिजिनल आहे.” मी विचारलं नाही, की ओरिजिनल माणसं घाऊक कशी मिळतात. आठवड्यात आकडा हजारांवर गेला. मी तो मालकाला दाखवला. त्याचं तोंड बंद झालं. मग ताईला दाखवला.

ती हसली नाही. बोटाने पडदा वर सरकवत राहिली. गावांची नावं परदेशातली, मलाही वाचता न येणारी. आणि प्रत्येक ठिकाणी ऐकण्याचा वेळ अर्ध्या मिनिटाच्या जरासा पुढे.

“भाऊ, हे लोक मधातूनच उठून काहून जाऊन राहिले?”

मी म्हणालो, नवीन लोक आहेत ताई, सवय होईल.

“येवढे सारे? एकही बसला नाही?” जिने एक माणूस कुजबुजला म्हणून मांडव थांबवला, तिच्यासमोरून हजारो लोक उठून गेले होते, आणि हात वर करून थांबवायला समोर कोणी नव्हतं. तिने स्वतःतच खोट शोधली. सुरुवातीचा आलाप लांबला असेल, म्हणून तोडला. आवाज चिरका झाला म्हणून मीठ-पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या. मी बघत होतो.

मग ईमेल आला. ऐकणारे बनावट आढळले, पाचही गाणी काढली आहेत, खातं बंद. मी तिला अर्धंच सांगितलं, “कंपनीने काढलं.” ती पेटली. तिने मला तक्रारी लिहायला लावल्या, एकामागून एक. “लिही, मी खरी बाई हाय. लिही, माह्या गाण्यात खोटं काही नाही.” मी लिहीत होतो. उत्तर दर वेळी तेच, यंत्राने पाठवलेलं. “तिथं एकही माणूस नाही का गा?” ती ओरडायची. तिचा राग खरा होता, त्या यंत्रावरचा माझा रागही खरा होता. खोटा होता तो तिच्या बाजूने लिहिणारा माझा हात.

नवरा निवृत्त झाला, क्वार्टर सोडायची वेळ आली. पारशिवनीकडच्या गावी निघाली होती. टेम्पोत सामान चढत होतं. मी गेलो, तर माझ्यासाठी पापडाची पिशवी तयार. “माह्यासाठी लय भांडला तू कंपनीशी.”

ती पिशवी मला धरवेना. मी बोलायला लागलो. हमाल कपाट ओढत होते, पत्रा करकरत होता. तिने हात वर केला. “थांबा रे.” सगळं गप्प झालं. “हं. बोल आता.”

आयुष्यात मला कोणी तसं ऐकलं नाही. मध्ये एक शब्द नाही, नजर इकडची तिकडे नाही. मालकाचं हसणं, फोनवरचा माणूस, अर्धं मिनिट, सगळं. माझं संपल्यावरही ती थोडा वेळ थांबली, अजून काही उरलं आहे का बघायला.

“चांद्यावाला खरा होता?”

“खरा होता ताई. तो आधीचा.”

“त्यानं मंगळवारी लावलं असन. लागलं नसन.” तिचा आवाज पहिल्यांदा कापला, रागानेच. “त्याले शोध. त्याले सांग, गाणं मी नाही थांबवलं.”

पापडाची पिशवी तिने उचलून परत टेम्पोत ठेवली. नंतर माझा फोन तिने कधी उचलला नाही. तिला न विचारता ती गाणी पुन्हा कुठे चढवण्याचा हक्क मला नाही. पाचही माझ्याकडे पडून आहेत.

चंद्रपुरात दोनदा जाऊन आलो. नाव नसलेल्या माणसाला कुठे शोधणार? म्हणून हे इथे लिहितो. मंगळवारी राखेचं ते गाणं शेवटपर्यंत ऐकणारं कोणी हे वाचत असेल, तर त्यांना सांगायचं आहे, गाणं तिने नाही थांबवलं. मी थांबवलं.